दुरुस्ती आणि फेरबदल

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून एक लहानशी चौकट उमटते आणि नवे अपडेट आले आहे, ते आताच घ्यावयाचे की पुढे ढकलावयाचे, एवढेच विचारते. प्रश्न एका टिचकीचा. परंतु ज्यांनी साठी ओलांडल्यावर हे यंत्र आपलेसे केले, ज्यांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, ज्यांचा पत्रव्यवहार, ज्यांच्या परदेशी स्थायिक झालेल्या मुलांशी होणाऱ्या भेटीगाठी आणि ज्यांचे आयुष्यभराचे लेखन त्या एकाच पेटीत साठलेले आहे, त्यांचा हात त्या टिचकीपूर्वी बराच वेळ थबकतो. घरातील मंडळी या थबकण्याला भीती म्हणतात. ‘आजोबा, घेऊन टाका ना, काही होत नाही,’ असे नातवंड सांगते. ‘अण्णा, चाललंय ना नीट, मग कशाला हात लावता?’ असे त्याचाच बाप सांगतो. आणि या दोन सल्ल्यांच्या मध्ये निर्णयाचा भार अखेर ज्याचा त्याच्यावरच येऊन पडतो. मी स्वतः त्याच वयाचा आहे, आणि माझ्या मते हा प्रश्न घाईने उरकण्याजोगा मुळीच नव्हे. दोन्ही बाजूंची कैफियत ऐकून, पुरावे तपासून, मगच त्याचा निवाडा केला पाहिजे.

प्रथम आमच्या संकोचाची बाजू मांडतो. तरुण माणूस संगणक शिकतो तो त्याच्या रीतीवरून. एखादे चिन्ह डावीकडून उजवीकडे गेले, तरी त्यामागील योजना त्याला अवगत असल्यामुळे तो ते क्षणात हुडकून काढतो. उतारवयात शिकणारा मनुष्य मात्र बहुधा जागा लक्षात ठेवतो. कितीतरी निवृत्त शिक्षकांनी, बँकेतील जुन्या कारकुनांनी आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात हे यंत्र शिकलेल्या गृहिणींनी त्यासाठी एकेक वही घातलेली मी पाहिली आहे. ‘प्रथम डाव्या कोपऱ्यातील खूण दाबावी, नंतर तिसऱ्या ओळीवर यावे, मग थोडे थांबावे,’ अशा सूचना तीत क्रमांक घालून, स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या असतात. मोठे अपडेट येते आणि दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यातील खूण मध्यभागी गेलेली असते, तिसऱ्या ओळीचे नाव बदललेले असते, आणि मोठ्या चिकाटीने लिहिलेली ती वही एका रात्रीत रद्दबातल ठरते. नव्याने शिकण्यास लागणारे श्रम वयाबरोबर वाढत जातात, हाती उरलेला काळ कमी होत जातो, दृष्टी व बोटे पूर्वीसारखी साथ देत नाहीत. तेव्हा त्या श्रमांची किंमत पंचविशीतल्या माणसाच्या हिशेबाने ठरविणे हा उघड अन्याय आहे.

मराठीत लिहिणाऱ्या वृद्धांच्या संकोचाला तर आणखी एक सबळ कारण आहे. संगणकावर देवनागरी आपल्याकडे अनेक वाटांनी आली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले. १९९१ साली इस्की हे त्या लिप्यांचे भारतीय मानक सिद्ध झाले, आणि त्याच वर्षी युनिकोड या जागतिक मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. परंतु छापखान्यांत आणि संपादकांच्या टेबलांवर प्रत्यक्ष अंमल चालला तो श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींचा. जुन्या धर्तीच्या या फॉन्टांत रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या स्थानांवर काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे देवनागरीचे अवयव बसविलेले असत. त्यामुळे फॉन्ट यंत्रावर असेतोवर मजकूर शुद्ध मराठीत दिसे, आणि तो नाहीसा झाला की त्याच मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग उभी राही. काही प्रणाली चालविण्यासाठी यंत्राच्या पाठीमागे डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावावा लागे, आणि त्याला ओळखणारा ड्रायव्हर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कोणी तयार करील याचा भरवसा नसे. सोळा बिटांच्या काळातील प्रोग्रॅम तर चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मुळीच चालत नाहीत. पाने जुळविणाऱ्या पेजमेकर या प्रोग्रॅमची सातवी आवृत्ती २००१ साली निघाली व तीच अखेरची ठरली, तरी आपल्याकडे अंक आणि पुस्तके त्यानंतरही वर्षानुवर्षे तिच्यावरच जुळविली गेली. अशा स्थितीत ज्याच्या दप्तरात गावाच्या इतिहासाची टिपणे आहेत, बंद पडलेल्या नियतकालिकाचे अंक आहेत, दिवंगत पत्नीने स्वतः टंकून ठेवलेल्या पाककृती आहेत, आणि हे सारे ज्या एका जुन्या प्रणालीच्या आधाराने वाचता येते ती उद्या चालेल की नाही याची ज्याला शाश्वती नाही, त्याने मोठ्या अपडेटपुढे हात आखडता घेतला, तर त्याला नवतेचा शत्रू म्हणणे कितपत रास्त होईल?

तिसरे कारण अपडेट पाठविणाऱ्यांच्या पूर्वेतिहासात आहे. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेटाने प्रसार चालविला असताना पडद्यावर येणारी सूचनेची चौकट वापरणाऱ्याने फुली दाबून बंद केली, तरी आधी नेमून दिलेल्या वेळची स्थापना त्यामुळे रद्द होत नसे. लोकांनी नकार म्हणून केलेली कृती मूक संमती म्हणून गणली गेली, आणि पुष्कळ ओरड झाल्यावर ती पद्धत बदलावी लागली. २०१८ च्या ऑक्टोबरात त्याच विंडोज १० चे एक मोठे अपडेट काही लोकांच्या स्वतःच्या फायली पुसून टाकते असे आढळून आल्यामुळे प्रसिद्धीनंतर थोड्याच दिवसांत थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, जगभर विमाने जमिनीवर खोळंबली, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ज्या फाइलीचा हेतू यंत्राचे रक्षण करणे हाच होता तिने हे केले, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘काही होत नाही’ या आश्वासनावर केवळ प्रेमापोटी विश्वास ठेवता येत नाही.

इतके सांगितल्यावर आता दुसऱ्या बाजूस तितकाच अवसर दिला पाहिजे, कारण ती बाजू पहिलीपेक्षा अधिक गंभीर आहे. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळी होत, आणि इतक्या मोठ्या लेखनात चुका राहणे अपरिहार्य आहे. त्यांतील बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु काही अशा असतात की, दूर बसलेल्या परक्या माणसाने विशिष्ट रीतीने रचलेला संदेश पाठविला असता यंत्र तो तपासून नाकारण्याऐवजी त्यातील हुकूम निमूटपणे अमलात आणते. असा दोष वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही. यंत्र कालच्यासारखेच सुरू होते, पत्रे तशीच येतात, अक्षरे तशीच उमटतात. म्हणूनच ‘चाललंय ना नीट’ हा पुरावा या खटल्यात ग्राह्य धरता येत नाही. यंत्र नीट चालणे आणि यंत्र सुरक्षित असणे या दोन गोष्टींचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे आमच्या पिढीला पटणे कठीण जाते, कारण आम्ही ज्या यंत्रांबरोबर वाढलो ती बिघडली की खडखडत, तापत किंवा बंद पडत.

विंडोजमध्ये एका यंत्राने दुसऱ्याशी फायलींची देवघेव करण्याच्या एका जुन्या पद्धतीत असा एक दोष होता, आणि त्याचा फायदा घेणारे साधन अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीकडून बाहेर फुटले होते. मायक्रोसॉफ्टने त्या दोषाची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच दोषातून जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रांवरील फायली त्याने कुलूपबंद केल्या, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. प्रथम सर्वांचा तर्क असा झाला की, मुदत संपलेली विंडोज एक्सपीची यंत्रेच बळी पडली असणार. परंतु पुढे असे दिसून आले की, बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती, म्हणजे त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने आधीच तयार होती. ती कोणीतरी पुढे ढकलली होती, एवढेच.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, आणि ती फार थोड्यांना सांगितली जाते. मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून, नेमके काय बदलले हे जगातील कोणीही तज्ज्ञ तपासू शकतो. आणि जे बदलले त्यावरून दोष कोठे होता हेही त्याला कळते. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत जो दोष मूठभर लोकांना ठाऊक होता किंवा कोणालाच ठाऊक नव्हता, तो दुरुस्तीच्या दिवसापासून एका अर्थी जाहीर होतो. ज्याने दुरुस्ती घेतली त्याचे यंत्र अधिक सुरक्षित झाले. ज्याने ती पुढे ढकलली त्याचे यंत्र होते तितकेही सुरक्षित उरले नाही. जैसे थे राहण्याचा जो पर्याय आपण निवडला असे आपल्याला वाटते, तो पर्याय त्या मंगळवारी संपुष्टात आलेला असतो.

मग आलेले प्रत्येक अपडेट डोळे मिटून घ्यावे काय? २०१७ चेच वर्ष याचेही उत्तर देते. २७ जून रोजी नॉटपेत्या या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधून पसरू लागला, आणि त्याचा उगम एम.ई.डॉक या, तेथे करविवरणपत्रे भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमध्ये होता. हल्लेखोरांनी त्या अपडेटच्या पुरवठ्यातच शिरकाव केला होता. तेव्हा ज्यांनी ते आज्ञाधारकपणे घेतले त्यांच्याच यंत्रांत तो प्रथम शिरला. तेथून पुढे तो काही अंशी मार्चमधील दुरुस्ती न घेतलेल्या यंत्रांतून, आणि काही अंशी चोरलेल्या पासवर्डांच्या बळावर दुरुस्त यंत्रांतूनही फैलावला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीचा कारभार त्याने ठप्प केला, आणि त्या धक्क्याने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाजही कोलमडले. युक्रेनमधील हिशेबनिसाच्या यंत्रावर उतरलेल्या एका अपडेटने उरणच्या किनाऱ्यावरील कंटेनर अडवून धरावेत, इतकी आपली यंत्रे परस्परांत गुंतलेली आहेत.

आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यात धीराची महती आहे. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या असे लक्षात आले की, दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. इतरांनी दुर्लक्षिला असता असा तो विलंब त्याने मुळाशी जाऊन तपासला, तेव्हा लिनक्समध्ये फायली आकसून ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या अगदी ताज्या दोन आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले. ताज्या आवृत्तीमागे धावणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली होती. लिनक्सच्याच डेबियन या प्रणालीची स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती, कारण तेथे नव्याला पारखून घेतल्यावाचून प्रवेश देत नाहीत.

या सर्व दाखल्यांतून जो निष्कर्ष निघतो तो असा की, अपडेट या एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू आपल्या हाती दिल्या जातात. एक दुरुस्ती, दुसरी फेरबदल. दुरुस्ती पूर्वीच्या कर्तव्यातील उणीव भरून काढते. फेरबदल नवी रचना, नवे रूप, नवी सोय किंवा नवी गैरसोय आणतो. दुरुस्तीला उशीर केला तर धोका दिवसागणिक वाढतो. फेरबदलाला उशीर केला तर त्यातील दोष इतरांच्या अनुभवातून उघड होण्यास अवधी मिळतो. वृद्धांचा संकोच जवळजवळ सर्वस्वी फेरबदलाविषयी असतो, आणि तरुणांचा आग्रह, तो जेथे योग्य असतो तेथे, दुरुस्तीविषयी असतो.

दोष आहे तो या दोहोंची गाठ मारणाऱ्यांचा. भाड्याच्या घराचे छप्पर गळू लागले असता ते शाकारून देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे; परंतु शाकारावयास आलेल्या माणसांनी त्याच खेपेस स्वयंपाकघर पुढच्या अंगाला आणि देवघर माडीवर नेऊन ठेवले, आणि हे मान्य नसेल तर गळती तशीच राहील असे बजावले, तर त्या घरात आयुष्य घालविलेल्या बिऱ्हाडकरूने कोणाकडे दाद मागावी? आणि या दोन गोष्टी वेगळ्या करणे अशक्य आहे, ही सबब टिकण्यासारखी नाही. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात स्थिर आवृत्तीला जुन्याच रूपात ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या तीत उतरविण्याचा परिपाठ आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर आवश्यक केल्यामुळे सुस्थितीतील असंख्य यंत्रे त्या वाटेने पुढे जाऊ शकली नाहीत. तेव्हा नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एका वर्षाची जी तजवीज केली, तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत आणि नवे फेरबदल नाहीत. जे एक वर्ष करता येते ते त्याहून अधिक काळ करता येणार नाही, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

आपल्या यंत्राचे आपण धनी आहोत, तेव्हा त्याचे बरेवाईट आपण पाहून घेऊ, असे एक ममत्वाचे उत्तर आमच्यातील पुष्कळ जण देतात. माझे त्यांना नम्रपणे असे सांगणे आहे की, जाळ्यात जोडलेले यंत्र पूर्णपणे कोणाचेही खाजगी राहत नाही. आमच्यातीलच कोणी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार असतो, कोणी वाचनालयाचा चिटणीस, कोणी ज्ञातिसंस्थेच्या शिष्यवृत्तीचा हिशेब ठेवणारा. सभासदांचे पत्ते, दूरध्वनी, खाती यांची यादी त्याच्या यंत्रावर असते, आणि ती विश्वासाने सोपविलेली असते. परक्याच्या ताब्यात गेलेले यंत्र त्या यादीतील प्रत्येकाला आपल्याच नावाने पत्र पाठवू शकते, आणि नाव ओळखीचे असल्यामुळेच ते पत्र उघडले जाते. स्वतःपुरता धोका पत्करण्याचा हक्क प्रत्येकाला असेल. दुसऱ्याच्या ठेवीचा धोका परस्पर पत्करण्याचा हक्क कोणालाही नाही.

म्हणून माझी रीत मी निश्चित केली आहे, आणि समवयस्कांनी तिचा विचार करावा अशी विनंती आहे. आपल्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि काम झाल्यावर ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटात ठेवावी. कारण प्रत हाती असली म्हणजे निम्मी भीती नाहीशी होते. जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा, आणि त्याची फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफही करून ठेवावी. जुनी प्रणाली चालविणे अपरिहार्यच असेल, तर ती जुन्या यंत्रावर चालवावी, पण ते यंत्र इंटरनेटला जोडू नये. दरमहाच्या सुरक्षा-दुरुस्त्या आल्या की घ्याव्या. वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती मात्र काही आठवडे थांबून घ्यावी. २०१५ साली विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत थांबण्याची मुभा नव्हती, २०१९ पासून अपडेट पस्तीस दिवसांपर्यंत थांबविता येतात, आणि त्या महिन्याची सुरक्षा-दुरुस्ती घेतल्यावर या मुभेचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. अपडेट घ्यावयाचे ते यंत्राच्या सेटिंग्जमधूनच. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, ‘तुमचे केवायसी अपडेट करा’ असा निरोप, किंवा एखाद्या संकेतस्थळावर अवचित उघडलेली तातडीची चौकट यांना कधीही होकार देऊ नये. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

घरातील तरुणांना माझे सांगणे एवढेच आहे की, आमच्या वतीने टिचकी मारून मोकळे होऊ नका. या वेळच्या अपडेटमध्ये दुरुस्ती किती आणि फेरबदल किती, हे शेजारी बसून सांगा, आणि खुणांच्या जागा बदलल्या असतील तर त्या वहीत नव्याने लिहून घेईपर्यंत थांबा. आणि ज्या समवयस्कांच्या पडद्यावर सुरक्षेची दुरुस्ती अजून ताटकळत असेल, त्यांनी आज आपल्या फायलींची प्रत काढावी व ती दुरुस्ती आजच घ्यावी.